होमस्कूलिंगवाल्यांनो, अमेरिकन कॉलेजच्या फॉर्ममध्ये अ‍ॅक्टिव्हिटी भरताना या चुका टाळा

शाळेत जाणाऱ्या मुलाचा अर्ज कॉलेजात पोहोचतो तेव्हा त्याच्यामागे शाळा उभी असते. 'बुद्धिबळ क्लबची सेक्रेटरी' एवढं लिहिलं तरी भागतं. क्लब खरंच होता का, हे कुणी विचारत बसत नाही. घरी शिकलेल्या मुलाच्या ओळीला असा जामीन नसतो. घर पुण्यातलं असो की न्यू जर्सीतलं, कॉमन अ‍ॅप (अनेक अमेरिकन कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) भरताना बहुतेक चुका एकाच कारणानं होतात. आपल्या घरात जे सगळ्यांना ठाऊक आहे, ते तिकडच्या वाचणाऱ्यालाही ठाऊक असेल असं आपण धरून चालतो.

आधी फॉर्मची मापं सांगतो. जास्तीत जास्त 10 अ‍ॅक्टिव्हिटी (अभ्यासाबाहेरची कामं) देता येतात. प्रत्येकीत पदासाठी 50 अक्षरं, संस्थेच्या नावासाठी 100 आणि वर्णनासाठी 150, मोकळ्या जागा धरून. शिवाय कोणत्या इयत्तेत केली, आठवड्याला किती तास आणि वर्षात किती आठवडे, हेही भरायचं असतं. दहाच्या दहा रकाने भरलेच पाहिजेत असं कुठेही नाही. सहा भक्कम ओळींखाली चार भरतीच्या ओळी आल्या की वरच्या सहांवरही संशय येतो.

अभ्यास कुठला आणि अ‍ॅक्टिव्हिटी कुठली?

होमस्कूलिंगमधला हा सगळ्यात अवघड प्रश्न. मुलगी चार वर्षं गाणं शिकते. आई ते ट्रान्सक्रिप्टमध्ये (विषय आणि गुणांच्या नोंदपत्रात) 'ललित कला' म्हणून क्रेडिट देऊन लिहिते आणि मुलगी तेच तास अ‍ॅक्टिव्हिटीतही लिहिते. दोन्ही कागद एकाच माणसापुढे येतात. एकच काम दोनदा मोजलेलं दिसलं की ट्रान्सक्रिप्टवरचाही विश्वास डळमळतो.

उपाय सोपा आहे, फक्त तो फॉर्म उघडण्याआधी करावा लागतो. कामाचे दोन भाग करा. ठरलेला अभ्यासक्रम, गुरूंकडची तालीम, परीक्षेची तयारी हे ट्रान्सक्रिप्टमध्ये. कार्यक्रम, साथसंगत, लहान मुलांना शिकवणं हे अ‍ॅक्टिव्हिटीत. तासही तसेच वाटा. काही गोष्टी वाटता येत नाहीत, तिथे एकच जागा निवडा. माझं मत विचाराल तर अशा वेळी अ‍ॅक्टिव्हिटीची बाजू घ्यावी. ट्रान्सक्रिप्टमध्ये एक विषय कमी झाला तर बिघडत नाही, पण मुलाची खरी ओळख असलेलं काम एका क्रेडिटच्या आकड्यात दडून जाऊ नये.

इयत्तांचाही घोळ होतो. फॉर्म नववी ते बारावी विचारतो आणि आपल्या घरात इयत्ता अशी काही नसते. कोणतं वर्ष नववीचं हे एकदाच ठरवा आणि ट्रान्सक्रिप्टमध्ये तेच ठेवा. सहाव्या वर्षी सुरू केलेली चित्रकला नववीनंतरही चालू असेल तरच ती इथे येते.

घरातल्या घरात 'संस्थापक-अध्यक्ष'

संस्थेचा रकाना रिकामा दिसला की हात शिवशिवतात. मग चार मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला भारदस्त नाव मिळतं आणि मुलगा त्याचा संस्थापक होतो. असं करू नका. एकट्यानं केलेल्या कामापुढे 'स्वतंत्र' लिहिलं तर काही कमी होत नाही. वजन वर्णनातून येतं.

समजा, मुलगा एका गडावर पाण्याची टाकी साफ करायला जातो. 'मला लहानपणापासून गडकिल्ल्यांची खूप आवड असून मी संवर्धनाच्या कार्यात मोलाचा सहभाग घेतो' यात माहिती शून्य. 'तीन टाक्यांतला गाळ काढला. मोजमापं घेऊन नकाशे केले. नव्यांना हत्यारं वापरायला शिकवलं' यात काम दिसतं. प्रत्यक्षात हे इंग्रजीत लिहायचं आहे, पण रीत तीच. 'मी' गाळा, विशेषणं गाळा, क्रियापदं ठेवा.

तासांची बेरीज

दहाही ओळींतले तास एकदा जोडून बघा. आठवड्याला साठ-सत्तर तास निघाले तर हा मुलगा अभ्यास कधी करतो, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडणारच. हंगामी काम वर्षभर पसरवूही नका. ढोल-ताशा पथकाचा सराव गणपतीआधीचे काही आठवडे जोरात चालतो, तर तास जास्त आणि आठवडे कमी असंच लिहा. खरं तेच असतं आणि ते वाचायलाही पटतं.

'मध्यमा पूर्ण' तिकडे कुणाला कळणार?

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं नाव नुसतं लिहिलं तर उपयोग नाही. विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षांपैकी मध्यमा पूर्ण ही पाचवी, एवढं जोडा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा सरकारी आहेत, हेही सांगावं लागतं. बाहेरच्या कुणी तपासलेलं काम होमस्कूलिंगच्या अर्जात फार मोलाचं. मुंबईच्या मालविका राज जोशीला बारावीचं प्रमाणपत्र नसताना 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडची तीन पदकं होती. पदक प्रत्येकाकडे नसणार. पण ग्रंथपाल, प्रशिक्षक, ज्यांच्याकडे काम केलं तो दुकानदार, अशी कुणीतरी घराबाहेरची व्यक्ती तुमच्या कामाची साक्षीदार असायलाच हवी.

आईचं पत्र

कॉमन अ‍ॅपमध्ये होमस्कूलिंगवाल्यांचा काउन्सेलर, म्हणजे शाळेच्या बाजूनं विद्यार्थ्याबद्दल पत्र लिहिणारा, बहुधा पालकच असतो. बरेच पालक त्या पत्रात मुलाच्या अ‍ॅक्टिव्हिटींची यादी पुन्हा गिरवतात, वर कौतुक. आईनं लेकाचं कौतुक केलं तर त्यात नवल काय? त्या जागेत संदर्भ द्या: घरी शिकवायचं का ठरवलं, दिवस कसा जातो, जवळपास कोणत्या संधी नव्हत्या. मुलाच्या ओळी त्यामुळे आपोआप समजतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा फॉर्म वेगळा आहे. तिथे 20 नोंदी चालतात, वर्णनाला 350 अक्षरं मिळतात, पण शिफारसपत्रं सहसा मागत नाहीत. म्हणजे संदर्भही मुलानंच द्यायचा.

घरचं काम लपवणं

आजोबांची औषधं, धाकट्या भावाला शिकवणं, दुकानाचा हिशोब हे आपल्याकडे कुणी 'अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणत नाही. फॉर्ममध्ये कौटुंबिक जबाबदारीचा वेगळा प्रकारच आहे. लिहा.

अर्ज गेला आणि चूक दिसली

पाठवलेला अर्ज त्या कॉलेजासाठी बदलता येत नाही. बाकीच्यांना पाठवण्याआधी दुरुस्त करता येतो. ज्यांना गेला त्यांच्या पोर्टलवर किंवा ईमेलनं तीन-चार ओळींत दुरुस्ती कळवा. तासांचा आकडा किंवा इयत्ता चुकली असेल तर कळवाच. एखादं स्पेलिंग चुकलं असेल तर सोडून द्या.