प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करावा: तापमान, व्होल्टेज आणि लोडलाइनचा घोळ

ओव्हरक्लॉकिंगबद्दल, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाहून जास्त वेगाने चालवण्याबद्दल, कुणालाही विचारा, एक आकडा तोंडावर फेकला जातो: "१.४ व्होल्टपर्यंत बिनधास्त जा." कुठल्या प्रोसेसरसाठी? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग-मेनूत) टाकलेले १.४ की लोड, म्हणजे कामाचा ताण, असताना मोजलेले? याचं उत्तर नसेल तर तो आकडा काही कामाचा नाही.

प्रोसेसर अनलॉक्ड आहे (म्हणजे त्याचा वेग बदलता येतो), मदरबोर्ड परवानगी देतो आणि कूलर दमदार आहे, हे मी धरून चालतो. बायोस मात्र आधी अपडेट करा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून खराब होत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बायोस अपडेटमधून आलेल्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांनी) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवली. जुन्या बायोसवर त्यांना हात लावू नका.

पहिली पायरी सोपी. सगळं मूळ सेटिंगवर ठेवून प्राइम९५ किंवा ओसीसीटी (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारे प्रोग्राम) अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये सर्वांत गरम कोअरचं तापमान टिपून ठेवा. सरासरी बघू नका, एकच कोअर तापला तरी घात होतो.

आता मर्यादा. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत बहुतेकांची ९५. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे ओव्हरक्लॉक करून मिळवलेलं तिथेच गमावलं. हाताने ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर सर्वांत जड चाचणीत ८५ आणि रोजच्या कामात ७५ च्या आत, हा माझा नियम. रायझन ७००० मूळ सेटिंगवर पूर्ण लोडला ९५ गाठतो, पण ते एएमडीने ठरवूनच केलेलं आहे, घाबरू नका. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो, म्हणून पहाटेच्या गारव्यात चाचणी पास करून खूश होण्यात अर्थ नाही.

मल्टिप्लायर (बेस क्लॉकला गुणणारा आकडा, त्यावर वेग ठरतो) एकेक पायरीने वाढवा. चाचणीत अडखळला तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवा, त्याहून मोठी उडी नको. वीज आणि उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.८ वरून ५ गिगाहर्ट्झला जाण्यासाठी १.२५ चे १.३५ व्होल्ट लागले, तर वेग मिळाला ४ टक्के आणि उष्णता वाढली २१ टक्के. असा सौदा दिसला की मी एक पायरी मागे येतो.

रोजच्या वापराचे माझे आकडे, सगळे व्होल्टमध्ये आणि लोड असताना मोजायचे: इंटेलच्या ६व्या ते १०व्या पिढीतल्या १४ नॅनोमीटर प्रोसेसरना १.३५, अगदीच चांगला कूलर असेल तर १.४. रायझन ३००० आणि ५००० ला सर्व कोअर एकाच वेगावर बांधायचे असतील तर १.२५ ते १.३. इथे एक सल्ला हमखास मिळतो: "मूळ सेटिंगवरही तो १.४५ दाखवतो, मग तेवढं फिक्स करायला काय हरकत?" हरकत मोठी आहे. तो १.४५ एक-दोन कोअर हलक्या कामात असतानाचा, जेव्हा करंट थोडा असतो. तेच व्होल्टेज सर्व कोअर पूर्ण लोडवर असताना दिलं, तर करंट आणि उष्णता मिळून चिपमधल्या बारीक तारांमधला धातू हळूहळू सरकवतात. यालाच इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि ते उलटवता येत नाही.

आता ज्या पायरीने माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला ती: लोडलाइन कॅलिब्रेशन. लोड वाढला की प्रोसेसरचं व्होल्टेज ठरावीक उताराने खाली येतं, ती लोडलाइन; हा उतार किती ठेवायचा ते हे बायोसमधलं सेटिंग ठरवतं.

बायोसमध्ये १.३५ टाकलंत म्हणून लोड असताना प्रोसेसरला १.३५ मिळत नाही. लोडलाइनचा रोध १.१ मिलिओहम आणि करंट १०० अँपिअर धरा: ०.११ व्होल्ट गळाले, हाती उरले १.२४. ही गळती पाहून लोक वैतागतात आणि लोडलाइन कॅलिब्रेशन सर्वांत कडक पातळीवर नेतात. स्क्रीनवर व्होल्टेजची रेषा छान सपाट दिसते. हे कधीच करू नका.

ती गळती मुद्दाम ठेवलेली असते. लोड अचानक गेला की व्हीआरएममधली (मदरबोर्डवरच्या, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधली) कॉइल क्षणभर करंट ढकलतच राहते आणि व्होल्टेज उसळतं. नळ झटकन बंद केल्यावर पाइपात पाणी आदळतं तसं. गळती असेल तर ही उसळी खालच्या पातळीवरून निघते आणि १.३५ च्या आसपास संपते. रेषा सपाट केली असेल तर ती १.३५ वरूनच निघते आणि वर जाते. ती मायक्रोसेकंदांत संपते. दोन सेकंदांनी एकदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतसुद्धा नाही. उलट लोड येताना कडक पातळीवर व्होल्टेज जास्त खोल बुडी मारतं, म्हणून "सपाट" सेटिंगवरच मशीन कोसळतं आणि माणूस आणखी व्होल्टेज वाढवत बसतो.

मधली पातळी घ्या. आकड्यांवर मात्र विसंबू नका: आसूसच्या बोर्डांवर ८ ही सर्वांत कडक पातळी, एमएसआय आणि ॲसरॉकवर १. मग पूर्ण लोड द्या आणि व्हीकोअर, म्हणजे कोअरना प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज, वाचा. व्हीआयडी नव्हे, ती प्रोसेसरची नुसती मागणी असते. बोर्ड डाय-सेन्स (थेट चिपवर मोजलेलं व्होल्टेज) देत असेल तर तोच आकडा खरा, रायझनवर सेन्सरच्या यादीतला एसव्हीआय२ किंवा एसव्हीआय३ चा. लोडखाली १.३ हवे असतील तर बायोसमधला आकडा वाढवून तिथे पोचा, कॅलिब्रेशन कडक करून नाही.

पडताळणी: जड चाचणी एक तास, मग हलकं-जड आलटून पालटून काम, मग रात्रभर नुसतं चालू ठेवणं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA, हार्डवेअरच्या चुकीची नोंद) एरर दिसला तर ओव्हरक्लॉक स्थिर नाही, मशीन बंद पडलं नसलं तरी.

रायझन ७००० वर रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) चालू करत असाल तर एसओसी व्होल्टेजही, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं व्होल्टेज, तपासा. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने त्यावर १.३ ची मर्यादा घातली; मी १.२५ च्या खालीच ठेवतो.

सेटिंग बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून सेव्ह करा. काही महिन्यांनी तेच सेटिंग अडखळू लागलं, तर व्होल्टेज वाढवू नका, १०० मेगाहर्ट्झ खाली या.