निर्यातीच्या योजना हाताशी असूनही गाडी अडते? या चुका टाळा

जानेवारी उजाडला की निफाड-दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांची लगबग सुरू होते आणि निर्यातीची कागदपत्रं पाहणाऱ्या माझ्यासारख्याचा फोन दिवसभर वाजत राहतो. नव्या निर्यातदाराचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "यावर सरकारकडून काय मिळतं?" प्रश्न रास्तच आहे. पण अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची मदत, ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा, रोडटेप योजनेतून निर्यात मालावरच्या करांचा परतावा हे सगळं शेजारच्या पॅकहाऊसलाही मिळतं. तरी एकाकडे बायर दरवर्षी परत येतो आणि दुसरा तिसऱ्या हंगामात निर्यात सोडून देतो. मालक स्वतःहून पुढे जातो का, नवं करून बघतो का, जोखीम आधी मोजतो का, यावरच हे ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

परतावा नफ्यात धरून दर देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. निर्यातीवर टक्केवारीने लाभ देणारी आधीची एमईआयएस योजना ३१ डिसेंबर २०२० ला संपली आणि १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप लागू झाली. तिचे दर मात्र जाहीर झाले ऑगस्ट २०२१ मध्ये. म्हणजे सात महिन्यांहून जास्त काळ माल जात होता आणि परतावा किती मिळणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एमईआयएसची टक्केवारी गृहीत धरून ज्यांनी बायरला दर उतरवून दिला होता, त्यांना पदरचे घालावे लागले. निर्यात कर्जावरची व्याज सवलत योजनाही अशीच ३१ डिसेंबर २०२४ ला संपली.

उपाय साधा आहे. माल, पॅकिंग, जहाजाचं भाडं, बँकेचा खर्च हे सगळं मांडा आणि परतावा शून्य धरा. तरीही चार पैसे सुटत असतील तरच सौदा घ्या. परतावा येईल तेव्हा तो नवा बायर शोधण्यावर खर्च करा.

विमा आहे म्हणून बेफिकीर राहणं

माझ्या ओळखीतल्या एका निर्यातदाराने ईसीजीसीची पॉलिसी घेतली होती. कंटेनर रॉटरडॅमला पोहोचला आणि बायरचा फोटो आला: देठ तपकिरी पडलेले, पेटीच्या तळाशी गळालेले मणी. निम्मे पैसे कापले. हा बिचारा पॉलिसी घेऊन धावला. पण बायर दिवाळखोर झाला किंवा पैसे बुडवले तर हा विमा कामी येतो; मालाच्या दर्जावरून वाद असेल तर तो वाद आधी सुटावा लागतो.

म्हणून देठाचा रंग, मण्याचा आकार, साखरेचं प्रमाण हे सौद्यातच लिहून घ्या. माल भरताना फोटो काढा, कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा आणि तक्रार आली की लगेच तिकडचा तटस्थ सर्व्हेअर लावा. बायरचं पेमेंट लांबलं तर ईसीजीसीला मुदतीत कळवा. संकोचापोटी गप्प बसलात तर दावा अडकतो.

प्रदर्शनाला दुसऱ्यालाच पाठवणं

बर्लिनचं फ्रूट लॉजिस्टिका हे फळ-भाजी व्यापाराचं प्रदर्शन फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात भरतं. मालक इथे गुंतलेला, म्हणून पुतण्याला धाडतात. तो कार्डांचा गठ्ठा घेऊन येतो आणि मार्चपर्यंत कुणी एक मेलही करत नाही. स्टॉलसाठी मदत मिळाली, पण बायर नाही मिळाला. जमेल तसं स्वतः जा आणि भेटी महिनाभर आधी ठरवून जा.

कागदातल्या छोट्या चुका

आयईसीमध्ये, म्हणजे आयात-निर्यातीच्या परवाना क्रमांकात, काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ते ऑनलाइन अपडेट करावंच लागतं, नाहीतर बंद पडतं. कस्टम्सला द्यायच्या शिपिंग बिलात रोडटेपचा दावा नोंदवला आहे का, हे सीएचएवर (कस्टम्स एजंटवर) सोडून देऊ नका, स्वतः पाहा. नव्या बंदरातून माल पाठवणार असाल तर बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा क्रमांक) तिथल्या कस्टम्सकडे नोंदवलाय ना, हे गाडी निघण्याआधी तपासा.

औषधांच्या अंशांचा तपासणी अहवाल 'पास' आला म्हणजे झालं, असं मानणं

ग्रेपनेट या अपेडाच्या ऑनलाइन नोंद व्यवस्थेमुळे पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. ही व्यवस्था खरोखर मोलाची आहे. तरीही २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. शेतकरी त्याला लिहोसिन म्हणून ओळखतात. वेलीची वाढ रोखायला ते सर्रास वापरलं जायचं आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. अहवाल स्वच्छ होते आणि कंटेनर तिकडे अडकले. बागायतदारांचं वर्ष गेलं. ते दिवस आठवले की आजही जीव तुटतो.

आजही तिकडच्या काही सुपरमार्केटच्या औषध-अंशांच्या मर्यादा कायद्याहून कडक असतात आणि त्या सरकारी यादीत सापडत नाहीत. त्या बायरलाच विचाराव्या लागतात आणि तेही वेळेत. माल तयार झाल्यावर विचारून उपयोग नाही, कारण फवारणी तोवर होऊन गेलेली असते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी बायरकडून यादी मागवा, तिचं मराठी करून प्रत्येक बागायतदाराच्या हातात द्या आणि औषधाच्या दुकानदारालाही एक प्रत द्या.