फॉर्मॅलिनला पर्याय : कोणत्या टिश्यूला कोणता द्रव, आणि कुठे हात लावू नये

टिश्यू (ऊती) सडू न देता आहे तसा टिकवणाऱ्या, म्हणजे ‘फिक्स’ करणाऱ्या, फॉर्मॅलिनची जागा जशीच्या तशी घेईल असा एकच द्रव नाही. बाटलीवर ‘फॉर्मॅलिन-मुक्त’ असं छापलेलं पाहून ती सगळ्या नमुन्यांना लावायला गेलात तर चौथ्या दिवशी मायक्रोटोमवर (पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) पस्तावाल. आधी महिनाभराच्या नमुन्यांची यादी काढा. शिकवण्याच्या स्लाइड्स, उंदीर-घुशींचे अवयव, डीएनए काढायचे तुकडे, बरणीत ठेवायचे नमुने आणि रुग्णांच्या बायोप्सी, असे पाच ढीग करा. पहिल्या चार ढिगांतला बहुतेक फॉर्मॅलिन घालवता येतो. पाचव्याचं पुढे बघू.

घालवायचा कशासाठी, हे थोडक्यात. आपण ज्याला १० टक्के फॉर्मॅलिन म्हणतो त्यात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध मानलं. डोळे चुरचुरणं बंद झालं की ‘सवय झाली’ असं म्हणतात, पण तेव्हा फक्त नाक मरतं, वाफ तेवढीच असते.

प्राण्यांच्या अवयवांसाठी : इथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड, ३:१

सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा पर्याय हा. कार्नॉय नावाच्या फिक्सेटिव्हच्या (फिक्स करणाऱ्या द्रवाच्या) प्रचलित सूत्रात क्लोरोफॉर्मही असतं. ते गाळा, नाहीतर एक विष काढून दुसरं आणल्यासारखं होईल. १०० मिलिलिटरसाठी ॲब्सोल्यूट (बिनपाण्याचं) इथेनॉल ७५ मिलि घ्या आणि त्यात फ्यूम हूडखाली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड २५ मिलि हळूहळू ओता. हातमोजे आणि चष्मा हवाच, ग्लेशियल ॲसिडने कातडी भाजते. मिश्रण लागेल तेवढंच, त्याच दिवशी करा. ठेवून दिलं तर दोन्ही द्रव एकमेकांशी जुळून एस्टर तयार होतं, फळासारखा वास येतो आणि फिक्सेटिव्हचा जोर उतरतो.

इथेनॉल मिळवणं ही महाराष्ट्रात वेगळीच कसरत आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, म्हणून वर्षाची मागणी आधीच नोंदवा. अडचण आली की आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायची प्रथा आहे. प्रोसेसिंगला (टिश्यूतलं पाणी काढून मेण भरायला) ते चालतं, पण फिक्सेशनमध्ये टिश्यू जास्त आकसतो.

आता उंदराच्या यकृताचं उदाहरण घेऊ. नव्या ब्लेडने ३ मिलिमीटर जाडीची चकती कापा. जुनं ब्लेड टिश्यू दाबतं आणि दाबलेली कडा पुढे काहीही केलं तरी सुधारत नाही. रुंद तोंडाच्या बाटलीत तळाला गॉजचा तुकडा ठेवा, म्हणजे चकती काचेला चिकटत नाही आणि द्रव खालूनही शिरतो. द्रव टिश्यूच्या वीसपट. खोलीच्या तापमानाला २ ते ३ तास पुरतात. रात्रभर ठेवलात तर टिश्यू चामड्यासारखा होतो. चकती ५ मिलिमीटर असेल तर वेळ वाढवून उपयोग नाही, कारण बाहेरचा थर कडक होतो, आतला गर कच्चाच राहतो आणि सेक्शनमध्ये (पातळ कापात) मधोमध भोक पडतं.

नंतर टिश्यू पाण्यात किंवा ७० टक्क्यांत अजिबात टाकू नका, सरळ ९५ टक्के इथेनॉलमध्ये न्या. ४५ मिनिटांचे दोन बदल, मग ॲब्सोल्यूटमध्ये तासाचे दोन, झायलीनमध्ये अर्ध्या तासाचे दोन, आणि ५६ ते ५८ अंशांना वितळणाऱ्या मेणात ४५ मिनिटांचे तीन.

सर्वांत जास्त फसगत होते ती ऑटोमॅटिक प्रोसेसरवर. त्याच्या पहिल्या एक-दोन बरण्यांत फॉर्मॅलिन भरलेलं असतं. अल्कोहोलमध्ये नीट फिक्स केलेल्या कॅसेट (टिश्यूच्या जाळीदार डब्या) संध्याकाळी सवयीने त्यात लावल्या की रात्रभरात तो टिश्यू फॉर्मॅलिनचाच होतो. डीएनए लांब तुकड्यांत मिळावा म्हणून केलेला खटाटोप वाया जातो आणि रिपोर्टमध्ये ‘नवा फिक्सेटिव्ह निकामी’ असं लिहिलं जातं. कार्यक्रम ९५ टक्क्यांच्या बरणीपासून सुरू होईल असा बदला.

अल्कोहोलच्या टिश्यूचे मेणाचे ब्लॉक ठिसूळ असतात. सेक्शनची रिबन (सलग पट्टी) चुरा होऊन पडत असेल तर ब्लॉकचं तोंड ओल्या बर्फावर १० मिनिटं ठेवा आणि पहिले दोन-तीन सेक्शन टाकून द्या. हिमॅटॉक्सिलिन (पेशींची केंद्रकं दाखवणारा रंग) भराभर चढतं, त्यामुळे नेहमीच्या निम्म्या वेळेपासून सुरुवात करा.

स्लाइड पाहताना तीन गोष्टींनी दचकू नका. तांबड्या पेशी फुटून त्यांच्या नुसत्या कडा दिसतील, हा ॲसिडचा परिणाम. नलिकांभोवती पांढऱ्या फटी दिसतील, ते आकसणं. आणि यकृताची पीएएस स्लाइड (ग्लायकोजन, म्हणजे पेशीतला साखरेचा साठा, रंगवणारी) केली तर ग्लायकोजन प्रत्येक पेशीच्या एकाच बाजूला ढकललेलं दिसेल, सगळ्या पेशींत एकाच दिशेला, वाऱ्याने लोटल्यासारखं. अल्कोहोल ज्या बाजूने शिरतं तिथून ग्लायकोजन पुढे रेटलं जातं. तो आजार नव्हे. थंड द्रव वापरला, बाटली बर्फात ठेवली, की हे कमी होतं. बाटली घरगुती फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, थर्मोस्टॅटच्या ठिणगीने अल्कोहोलची वाफ पेटू शकते. चरबी पाहायची असेल तर फ्रोझन सेक्शनच करा, अल्कोहोल ती धुऊन नेतं.

ग्लायॉक्साल

इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी पेशीतली प्रथिनं पाहणं) करणाऱ्यांसाठी हा चांगला. हेही ॲल्डिहाइडच, पण पाण्यात ते हायड्रेट होऊन बसतं, वाफ जवळजवळ होत नाही. म्हणून निरुपद्रवी मात्र नव्हे, कातडीला ॲलर्जी आणतं आणि जनुकीय दोषांचा संशयही त्याच्यावर आहे. जर्मनीतील गॉटिंगेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दिलेल्या सूत्राच्या प्रमाणाने १०० मिलिसाठी पाणी ७१, इथेनॉल २०, ४० टक्के ग्लायॉक्साल ८ आणि ॲसिटिक ॲसिड ०.७५ मिलि. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालून पीएच ४ ते ५ वर आणा. पीएच मोजायचा कंटाळा केलात तर एकाच द्रवाने सोमवारी छान आणि गुरुवारी फिकट स्लाइड येईल. पेशींचं कल्चर अर्धा तास बर्फावर, अर्धा तास बाहेर. मग १०० मिलिमोलर अमोनियम क्लोराइडने, म्हणजे १०० मिलित सुमारे अर्धा ग्रॅम, उरलेलं ॲल्डिहाइड मोडा. टिश्यूत कॅल्शियमचे कण शोधायचे असतील तर आम्लधर्मी ग्लायॉक्साल वापरू नका, कण विरघळतात.

गूळ

हसू नका. भारतातल्या दंतमहाविद्यालयांत गूळ आणि मध यांवर बरेच प्रयोग झाले आहेत. ३० ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून १०० मिलि करा, मलमलीतून आणि नंतर फिल्टर पेपरमधून गाळा, थायमॉलचा एक खडा टाका. आम्लता आणि साखरेपासून बनणारी ॲल्डिहाइडं मिळून टिश्यू धरतात. २४ तासांनी द्रव बदला. पिवळाधमक गूळ टाळा, काळसर बिनरसायनी घ्या, रंग उजळायला घातलेला हायड्रोस इथे नको. थायमॉल विसरलात तर चार-पाच दिवसांत आंबून बूच उडतं, वर बुरशीची साय येते आणि टेबलाखाली मुंग्यांची रांग लागते. शिकवण्याच्या स्लाइडला चालेल, त्यापुढे नको.

बरणीतल्या नमुन्यांचं सोपं आहे. आधी फॉर्मॅलिनमध्ये फिक्स झालेला नमुना दोन दिवस वाहत्या पाण्यात धुवा आणि ७० टक्के इथेनॉल किंवा १ टक्का फिनॉक्सिइथेनॉलमध्ये ठेवा. फिनॉक्सिइथेनॉल फक्त साठवणीसाठी, ताजा टिश्यू त्याने फिक्स होत नाही.

बायोप्सी

इथे हात आखडता घ्या. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-२ (गाठीच्या पेशींतली प्रथिनं शोधणाऱ्या) चाचण्यांसाठी टिश्यू बफर्ड (पीएच स्थिर ठेवलेल्या) फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास असावा, असे निकष ठरलेले आहेत. रुग्णाची औषधं त्यावर ठरतात. तिथे वाफ कमी करा, द्रव बदलू नका. ग्रॉसिंग (अवयव पाहून तुकडे कापणं) हूडखालीच करा, छोट्या बायोप्सीसाठी आधीच भरलेल्या घट्ट झाकणाच्या डब्या घ्या. मोठे अवयव शस्त्रक्रियागृहातून बादलीभर फॉर्मॅलिनमध्ये पाठवण्याऐवजी व्हॅक्यूम-सील पिशवीत ४ अंशांना पाठवता येतात, इटलीत ट्युरिनच्या रुग्णालयाने हा प्रघात पाडला. पर्याय आणायचाच असेल तर एकाच नमुन्याचे शेजारशेजारचे दोन तुकडे घ्या, एक जुन्यात, एक नव्यात, लेबल झाकून दोघांकडून वाचून घ्या. निदान २० नमुने तरी असे झाल्याशिवाय रुग्णाचा रिपोर्ट त्यावर देऊ नका.

उरलेल्या द्रवांची कॅन वेगवेगळी ठेवा. अल्कोहोलची कॅन ज्वलनशील कचऱ्यात, सिंकमध्ये नाही. फॉर्मॅलिनच्या कॅनमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड किंवा ब्लीच चुकूनही ओतू नका. ॲसिडबरोबर त्यातून बिस-क्लोरोमिथिल ईथर तयार होऊ शकतं आणि ते फॉर्मॅलिनहून कितीतरी वाईट कर्ककारक आहे.