ल्युपसची किडनी: चोवीस तासांची लघवी नीट कशी जमवावी

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार; त्यात किडनीही सापडते. रोज सकाळी लघवीनंतर वजन करा, पाच मिनिटं बसून बीपी मोजा, दोन्ही वहीत लिहा. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, नाश्त्यानंतर. एवढं सगळ्यांना जमतं.

घोळ होतो तो चोवीस तासांच्या लघवीत. दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त प्रोटीन जाणं ही किडनीला ल्युपसचा त्रास सुरू झाल्याची खूण मानतात. औषध वाढवायचं की उतरवायचं, यातही या आकड्याला मोठं वजन असतं. आणि 'सकाळपासून सकाळपर्यंत जमवा' एवढंच सांगून लोक कॅन हातात देतात!

घरात निवांत असाल असा दिवस धरा, म्हणजे बहुधा रविवार. पाळी चालू असेल तर पुढे ढकला. सहाला उठून केलेली पहिली लघवी कॅनमध्ये घालायची नाही, संडासात सोडायची आणि वेळ लिहायची. मोजणी तिथून सुरू. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सहाच्या लघवीसकट. दोन्ही सकाळच्या लघव्या घातल्या की आकडा उगाच फुगतो.

शौचाला जाताना हमखास चुकतं. आधी मगमध्ये लघवी करा, मग बसा. रात्री झोपेत उठणाऱ्यांसाठी तो मग संडासाच्या दारातच ठेवा. एक वेळ जरी सुटली तरी 'चालतंय की' म्हणू नका. सगळं ओतून दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा. आकडा चांगला यावा म्हणून तांब्याने पाणी पिण्यातही अर्थ नाही. प्रोटीन तेवढंच निघतं, कॅन मात्र भरून वाहतो.

सोलापूरच्या मे महिन्यात कॅन बाहेर ठेवलात तर नमुना नासलाच. फ्रिजमध्ये ठेवायला घरात कुरकुर होते, विशेषतः सुनेची तपासणी असली की. वाद घालत बसू नका. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घाला, खोकं मोरीत ठेवा, बर्फ वितळला की बदला. कोल्ड्रिंकची बाटली वापरू नका, कॅन लॅबचाच हवा. क्रिएटिनिनही (स्नायूंतून रोज साधारण तेवढाच निघणारा टाकाऊ पदार्थ) मोजायला सांगा, जमवणं अपुरं राहिलं असेल तर त्यावरून कळतं. एका वेळच्या लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन प्रमाण डॉक्टरांना पुरत असेल, तर ही सगळी यातायात वाचते.

मीठ कमी. शेंगा चटणी घरी करा, बिनमिठाची, लोणचं-पापड बंद. 'लो सोडियम' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. अंग दुखलं म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. उन्हात पूर्ण बाह्या आणि छत्री. ल्युपसची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गोळी चालू असेल तर डोळे तपासत राहा. मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर असताना दिवस राहू देऊ नका; मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

सूज उतरली म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ दवाखान्यात नेते. ताप आला तरी तेच, त्याच दिवशी.