गतीचे नियम प्रयोगांतून शिकवताना या चुका टाळा

ग्लासवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं. टिचकी मारली की पुठ्ठा उडतो, नाणं ग्लासात पडतं, मुलं टाळ्या वाजवतात आणि आपण फळ्यावर 'जडत्व' असं लिहितो. नववीच्या वर्गात मीही कितीतरी वर्षं हेच केलं. परीक्षेत व्याख्या बिनचूक यायच्या. एकदा मात्र एका मुलीला विचारलं, "नाणं पुठ्ठ्याबरोबर का गेलं नाही?" ती म्हणाली, "बाई, पुठ्ठा इतक्या जोरात गेला की नाण्याला कळलंच नाही." त्या उत्तरात बरंच काही बरोबर होतं. जे राहिलं होतं, ते मी शिकवलंच नव्हतं.

चूक अशी की आपण हा प्रयोग एकाच प्रकारे दाखवतो. आधी पुठ्ठा अगदी हळू ओढा. नाणं त्याच्यासोबत निघतं, कारण घर्षण त्याला ओढून नेतं. मग टिचकी मारा. घर्षण आताही आहेच, पण पुठ्ठा नाण्याखालून निसटतो आणि त्या क्षणभरात नाण्याला फारसा वेग मिळत नाही. दोन्ही वेळा करण्याआधी 'काय होईल' ते मुलांना वहीत लिहायला लावा. अंदाज चुकला की मूल खरं बघायला लागतं. आधी दाखवून मग समजावलं, तर तो जादूचा खेळ होऊन बसतो.

स्थिर वस्तू बल लागल्याशिवाय हलत नाही, हा न्यूटनच्या पहिल्या नियमाचा अर्धा भाग; दुसरा अर्धा भाग तर बहुतेक वर्गांत राहूनच जातो. चालती वस्तू, बल लागलं नाही तर, त्याच वेगाने सरळ चालत राहते. मुलांचा रोजचा अनुभव याच्या उलट असतो: ढकलणं थांबलं की गाडी थांबते. त्यासाठी कॅरमबोर्ड आणा. एकच सोंगटी, शक्यतो सारखीच टिचकी, आधी पावडर न टाकता आणि मग पावडर टाकून. सोंगटी किती लांब गेली ते मोजा. 'आणखी गुळगुळीत असता तर?' हा प्रश्न मुलांकडूनच येतो. एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे जातो, तेव्हा 'पुढे ढकलणारं बल' शोधणाऱ्या मुलांनाही इथेच थांबवता येतं. पुढे ढकलणारं कुणी नसतं. बस मंदावते, आपण आधीच्याच वेगात असतो.

दुसरा नियम: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

नेहमीची मांडणी अशी: बाकावर चाकांची गाडी, कडेला कप्पी, दोरीच्या टोकाला लटकतं वजन. वजन दुप्पट केलं की त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, दुप्पट व्हायला हवं. होत नाही. मग मुलं वहीत आकडे 'बसवतात' आणि आपण दुर्लक्ष करतो. माझ्याही वर्गात हे झालंय, आणि याची मला आजही खंत वाटते, कारण तो प्रयोग बरोबर होता, मांडणी चुकली होती.

लटकणारं वजनही गाडीबरोबर हलतं, म्हणून तेही एकूण वस्तुमानात धरावं लागतं. समजा गाडी 500 ग्रॅम आणि लटकतं वजन 50 ग्रॅम. घर्षण सोडून दिलं तर त्वरण सुमारे 0.89 मी/से² येतं. आता दोरीला बाहेरून आणखी 50 ग्रॅम लावले तर 1.63 येतं, दुप्पट नाही. तेच 50 ग्रॅम गाडीतून काढून दोरीला अडकवले, तर एकूण वस्तुमान 550 ग्रॅमच राहतं आणि त्वरण 1.78, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून वजन म्हणून वापरायचे जास्तीचे वायसर सुरुवातीलाच गाडीत ठेवायचे आणि एकेक करून दोरीकडे न्यायचे. इतकंच.

पुढची अडचण वेळेची. "बाई, बल दुप्पट केलं, पण वेळ अर्धा झाला नाही." तो होणारच नाही. स्थिर अवस्थेतून निघालेली गाडी 60 सेंटिमीटर जायला वरच्या उदाहरणात आधी 1.16 सेकंद आणि मग 0.82 सेकंद घेते. त्वरण दुप्पट झालं की वेळ √2 पटीने कमी होतो. हे आधी सांगितलं नाही, तर मूल नियमालाच खोटं ठरवतं. शिवाय स्टॉपवॉच हाताने दाबताना 0.1 ते 0.2 सेकंदांची चूक सहज होते, आणि इथे मोजायचा फरक जेमतेम 0.34 सेकंदांचा. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सेकंदाला 30 चित्रं असतील तर प्रत्येक चित्र साधारण 0.03 सेकंदांचं. चित्रं मोजायला मुलांना फार आवडतं.

गाडी अडखळत असेल तर फळीच्या मागच्या टोकाखाली एकेक वही सरकवा. दोरी सोडलेली असताना गाडीला हलका धक्का दिल्यावर ती एकसारख्या वेगाने उतरली की घर्षणाची भरपाई झाली. दोरी मात्र फळीला समांतर हवी.

तिसरा नियम: पुस्तक आणि टेबल

'टेबलावर पुस्तक आहे. त्याचं वजन ही क्रिया, टेबलाचं वरचं बल ही प्रतिक्रिया.' हे वाक्य कित्येक फळ्यांवर मी पाहिलंय, आणि ते चूक आहे. ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. क्रिया-प्रतिक्रिया नेहमी वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पुस्तकाला खेचते, तर पुस्तक पृथ्वीला खेचतं. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, तर पुस्तक टेबलाला खाली दाबतं.

दोन तानकाटे (स्प्रिंगचे वजनकाटे) एकमेकांत अडकवून वर्गातल्या सगळ्यात दांडग्या आणि सगळ्यात बारक्या मुलाला ओढायला द्या. वाचन दोन्हीकडे सारखंच येतं. मुलांचा विश्वास बसत नाही, ती काटे बदलून परत बघतात. काटे आडवे धरल्यावर शून्यावर आहेत ना, हे आधी तपासा. नाहीतर फरक दिसतो आणि बारक्याला हरवल्याचा आनंद फुकट साजरा होतो.

फुग्याच्या रॉकेटबाबत मुलं सांगतात की हवा मागच्या भिंतीला ढकलते म्हणून फुगा पुढे जातो. मग भिंतीपासून लांब, वर्गाच्या मधोमध सोडून दाखवा. फुगा हवेला मागे ढकलतो, तीच हवा फुग्याला पुढे ढकलते. फुगा ज्या स्ट्रॉला चिकटवतो तो सुतळीवर अडकतो, त्यासाठी तंगूस (नायलॉनची गुळगुळीत दोरी) वापरा आणि ती ताणून बांधा. फुगा आधी दोन-तीनदा फुगवून सैल करा.

फुग्याची गाडी चालली नाही तर आधी चाकं बघा. बाटलीच्या झाकणाला भोक बरोबर मध्यावर नसलं की गाडी लंगडते. खिळा तापवून भोक पाडायचं काम आपणच करावं. आस स्ट्रॉमध्ये सैल फिरायला हवा. तिथे डिंक गेला असेल तर तो स्ट्रॉ फेकून दुसरा घाला, खरवडत बसू नका. आणि गाडी तरीही चाललीच नाही, तर ती कपाटात ठेवू नका. पुढच्या तासाला टेबलावर ठेवून विचारा, हिच्यावर या क्षणी कोणकोणती बलं आहेत?