“मॅडम, माझ्या एका मैत्रिणीला…”

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी एका संस्थेच्या ऑनलाइन उपक्रमात लागले. मराठवाड्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी मानसिक आरोग्याची सहा सत्रं घ्यायची, गूगल मीटवर, मराठीतून. या कामात नव्याने येणाऱ्यांनी माझ्या चुका तरी टाळाव्यात. स्वतःच्या करायला भरपूर वाव आहे.

पहिल्या दिवशी मी ४० स्लाइड घेऊन बसले होते. नैराश्य, चिंताविकार, छिन्नमनस्कता. समोर सगळे कॅमेरे बंद. “नैराश्य म्हणजे काय?” विचारलं, तर चॅटमध्ये उत्तर आलं, “ब्रेकअप.” खाली हसऱ्या इमोजींची रांग. मग सहज विचारलं, “घरात कुणाचं मन बरं नसलं की तुमच्याकडे काय म्हणतात?” चॅट धावायलाच लागलं. टेन्शन घेतलंय, मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोक्यावर परिणाम झालाय, बाहेरचं झालंय. त्या रात्री स्लाइड बाजूला टाकल्या आणि याच शब्दांवरून सत्र पुन्हा बांधलं.

‘मानसिक आरोग्य साक्षरता’, म्हणजे मनाचे आजार ओळखता येणं आणि त्यावर काय करायचं ते माहीत असणं. हा शब्दप्रयोग ऑस्ट्रेलियाचे अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रूढ केला. त्यांनी लोकांना आजाराचं नाव न सांगता एका माणसाची हकिकत ऐकवली आणि याला काय झालं असेल, असं विचारलं. नैराश्य ओळखणारे निघाले जेमतेम ३९ टक्के. ही हकिकतीची युक्ती आपल्याकडे झकास चालते. मी एक ‘सुरेखा’ रचली. लातूरला नीटचा क्लास, तीन आठवडे पहाटे तीनलाच जाग, जेवण नको, आवडीची रांगोळीही नको. “अभ्यास टाळायचं नाटक,” असं दोघा-तिघांनी लिहिलं. त्यावर एका मुलीचं उत्तर: “नाटक करायला पहाटे तीनला बघणारं कोण असतं?” यापुढे मला फारसं शिकवावं लागलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज असंच चाललं तर दाखवून घ्यायचं, एवढंच जोडलं.

फोनचं गणित आधी समजून घ्या. बऱ्याच घरांत फोन एकच, तोही वडिलांचा किंवा भावाचा. संध्याकाळचं सत्र ठेवलं की मुली गायब. एक जण गोठ्यात बसून ऐकायची. एकदा चुकून तिचा माइक सुरू राहिला आणि म्हशीनेही हजेरी लावली. पुढे आम्ही आठ-आठ मिनिटांचे ऑडिओ वॉट्सअ‍ॅपवर टाकू लागलो. डेटा कमी लागतो आणि कानात हेडफोन असला की घरच्यांना गाणी वाटतात.

माझी सगळ्यात वाईट चूक याच वॉट्सअ‍ॅपवर झाली. “कुणाला मदत हवी असेल तर लिहा,” असं मी गटातच टाकलं. एका मुलाने लिहिलं. अर्ध्या तासात त्याचा स्क्रीनशॉट कॉलेजभर. तो गटातून बाहेर पडला, माझा फोनही त्याने उचलला नाही. तेव्हापासून गटात फक्त सूचना. खासगी बोलायचं असेल तर वेगळा फॉर्म, तोही फक्त समुपदेशकाला दिसणारा.

आपण शिकवतोय, उपचार करत नाही, हे विसरू नका. नुसत्या एम.ए.वर कुणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पुढे पाठवायचं ठिकाण मात्र तोंडपाठ हवं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. मुलांना देण्याआधी स्वतः एकदा लावून बघा. पलीकडून काय विचारतात ते सांगता आलं की मुलांची भीती निम्मी होते. आमच्या मुली तो नंबर ‘झेरॉक्सवाले’ म्हणून सेव्ह करायच्या. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हेही शिक्षकांना दरवेळी सांगावं लागतं.

शेवटच्या चाचणीत गुण छान वाढले, वरिष्ठ खूश. पण ‘मदत कुणाकडे मागाल?’ या प्रश्नाला कितीतरी जणांचं उत्तर तेच: कुणाकडेच नाही. त्या अहवालापेक्षा मी फॉर्मवर येणाऱ्या ‘मैत्रिणी’ मोजते. “मॅडम, माझ्या एका मैत्रिणीला झोप येत नाही.” ती मैत्रीण तूच का, असं कधीही विचारू नका. मैत्रिणीसाठीच उत्तर द्या.

अशाच एकीचा तीन आठवड्यांनी निरोप आला. “मैत्रिणीने झेरॉक्सवाल्यांना फोन लावला. मला आधी रडूच आलं, पण ऐकून घेतलं त्यांनी.”

मी लिहिलं, “मैत्रिणीला सांग, बरं केलं.”