केमिकल कंपनीत समर इंटर्नशिपला येताय? मग या चुका टाळा

मे महिना लागला की बीएस्सी-एमएस्सीची पोरं फाईल घेऊन गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीत फिरायला लागतात. मी क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे माल तपासायच्या लॅबमध्ये काम करतो, त्यातली काही माझ्याच गळ्यात पडतात. हुशार असतात, नाही असं नाही, पण चुका दरवर्षी त्याच.

डोकं फिरवणारी पहिली चूक म्हणजे सीबीआर, म्हणजे टायट्रेशनमध्ये दरवेळी सारखंच ब्युरेट रीडिंग (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) आणायचा हट्ट. कॉलेजात पिपेटनं दरवेळी १० एमएल घेता, म्हणून तिन्ही रीडिंग सारखी यायला पाहिजेत, तिथं ते बरोबरच आहे. इथं आपण सॅम्पल वजन करून घेतो, वजन दरवेळी थोडं वेगळं, मग ब्युरेट रीडिंगपण वेगळंच येणार की रे!

एकाला ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडची प्युरिटी काढायला दिली होती, १ नॉर्मल तीव्रतेच्या कॉस्टिकनं (सोडियम हायड्रॉक्साइड) टायट्रेशन करून. संध्याकाळी रजिस्टरमध्ये बघतो तर वजन तिन्ही वेळा १.५०० ग्रॅम, रीडिंग तिन्ही वेळा २४.९ एमएल, प्युरिटी ९९.७ टक्के. एकदम सुंदर. बॅलन्सच्या (वजनकाट्याच्या) प्रिंटरची पट्टी बघितली तर वजनं १.४८२, १.५०७ आणि १.५३१. नुसत्या पहिल्या आणि तिसऱ्या वजनातच पाऊण एमएलच्या वर फरक पडायला पाहिजे. विचारल्यावर पोरगा गप. मग हळूच म्हणाला, सर उत्तर १०१.७ येत होतं, शंभरच्या वर कसं लिहायचं म्हणून जुळवलं.

आता गंमत बघा, ॲसिड चांगलं होतं आणि त्याचं खरं टायट्रेशनही चांगलं होतं. घोळ कॉस्टिकच्या बाटलीत होता. लेबलवर १ नॉर्मल, पण झाकण सैल राहिलेलं, आणि कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतंच. स्टँडर्डाइज केलं, म्हणजे खरी तीव्रता तपासली, तर निघालं ०.९८. खरी रीडिंग लिहून हा फॅक्टर लावला असता तर तेच ९९.७ आलं असतं, आणि बाटली खराब झालीय हे दुपारीच कळलं असतं. शंभरच्या वर उत्तर आलं तर लपवायचं नाही, ओरडून सांगायचं.

माझी सवय अशी की सोमवारी सकाळी चहाच्या आधी कॉस्टिक स्टँडर्डाइज करायचं. त्यासाठी केएचपी (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) १२० डिग्रीला वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा न लागणाऱ्या बंद भांड्यात, गार केलेलं, १ नॉर्मलसाठी साधारण ५ ग्रॅम, फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. गडद गुलाबी करून "सर एंड पॉइंट आला" म्हणणाऱ्यांना मी परत करायला लावतो, वेळ लागू दे. फॅक्टर, तारीख, सही बाटलीवर. आणि बाटली प्लॅस्टिकची, काचेचं बूच कॉस्टिकनं असं चिकटतं की हातोडीच आणावी लागेल.

दुसरं म्हणजे टिश्यू पेपरवर, तळहातावर रीडिंग लिहून नंतर "फेअर" करणं. जर्नलची सवय, दुसरं काय. रजिस्टर घाण दिसलं तरी चालतंय. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर दिसला की मी बाटलीच काढून घेतो.

पीएच मीटरचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घरी जाऊ नका, ३ मोलर केसीएलमध्ये (पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात) ठेवा. आणि टिश्यूनं घासायचा नसतो, नुसता टिपायचा.

गरम क्रुसिबल (सॅम्पल तापवायचं छोटं भांडं) बॅलन्सवर ठेवलं की वजन कमी दाखवतं. थांबायला जमत नाही म्हणून सगळे हे करतात.

ॲसिडमध्ये पाणी ओतू नका, पाण्यात ॲसिड. हे अजून सांगावं लागतं!

कोल्हापुरी चप्पल घालून प्लँटमध्ये आत सोडणार नाहीत, कितीही करकर वाजू दे. सेफ्टी शूज, गॉगल. सॉल्व्हंटच्या एरियात मोबाइल खिशातपण नको, रील तर लांबच.

आणि पहिल्याच आठवड्यात सर्टिफिकेट कधी मिळणार म्हणून विचारू नका राव. मागच्या वर्षीच्या पोराचा रिपोर्ट कॉपी करणार असाल तर निदान बॅच नंबर तरी बदला, तो मी सही करून फाईलला लावलेला असतोय.